तोंड उघाडा, आबा

करणसिंगने मिरची मोडली, नाकाजवळ नेली आणि पोत्यात परत टाकली.

"शेठ, जिभले लावतस नही का?" झिपरूने विचारलं. "नुसता वास लिसन भाव करतस? मी मिरची आनेल शे, अगरबत्ती नही."

पथारीवर मिरची वाळत घालणाऱ्या बाया हसल्या. करणसिंग हसला नाही. त्याची मुलगी शीला पुण्याच्या प्रयोगशाळेतून सकाळीच घरी आली होती. मिरची जिभेवर ठेवल्याशिवाय तो भाव बोलल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती वखारीच्या दारात आत-बाहेर करू लागली. झिपरू उरलेली पोती उतरवायला गेला, तशी ती पुढे झाली.

"तोंड उघाडा, आबा."

"जळजळ व्हस थोडी. जलम गया मिरची चाखाम्हा. मिरचीवालानं तोंड जळाव नही ते कोन्हं?"

"उघाडा."

उभी तीन बोटं आत जायला हवी होती. दोनच गेली. गाल आतून पांढरा, चामड्यासारखा ताठ. त्याच गालात सुपारी धरलेली.

"मिरची नही आबा, ही सुपारी शे. दवाखानामा तुकडा काढीसन तपासना पडी."

"तू काय डाक्टर शे? जे काहीच बनावत नही, त्या आरएनएना मांगे लागेल शे तू."

"बनावत नही. पन रोखस!" तिचा आवाज चढला. पेशी बेफाम वाढू लागली की प्रथिनं न बनवणारा असा एखादा आरएनए तिला आवरतो. तो गप्प झाला की कॅन्सरची गाठ धरू शकते. काही तर उलटे, गाठीलाच चिथावतात. "आमनाकडे गालना तुकडा येतस. बराच तुकडासमा तो गप्पच ऱ्हास."

करणसिंगने सुपारी थुंकली.

"मन्हा बी तुन्हाकडेच येई?"

"तुम्ही हा म्हनशात ते. जरासा. बाकीना डॉक्टरकडे."

"वर नाव ऱ्हास?"

"नही. नंबर."

"मंग तुले कसं समजी, कोनता मन्हा?"

"समजत नही, आबा. समजाले बी नको."

"चाल," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

शीला जागची हलली नाही. यापुढे तिच्या टेबलावर येणारा प्रत्येक तुकडा त्याचाच असणार होता.