माकडशिंगाचा बाप

सावळारामतात्यांनी कन्हेरीचा माळ उसासाठी सपाट करायला जेसीबी बोलावला होता. मशीन सुरू झालं, तेवढ्यात वृषाली धापा टाकत आली. ती कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करायची आणि मागच्या आठवड्यात याच माळावरून माकडशिंगाची एक बिनपानांची कांडी तपासायला घेऊन गेली होती.

"तात्या, थोडं थांबा. ती कांडी साधी नाही निघाली."

"माकडशिंगच की ती. ल्हानपणी आमी मीठ लावून खायचो."

"दिसायला तशीच आहे. फुलं नव्हती, म्हणून मी रस तपासला. त्यात नेहमीच्या माकडशिंगातली सगळी द्रव्यं आहेत. पण त्याच्या जोडीला दुसऱ्याच एका जातीचीही सापडली, आणि ती जात या भागात अजून कुणी पाहिलेली नाही. हे रोप दोन जातींच्या संकरातून उगवलंय."

तात्या खाली वाकून त्या रोपाकडे बघत राहिले.

"म्हंजे आई हितलीच."

"हो."

"आन् बाप?"

"पराग माशी आणते, तात्या. ती किती लांबून आणणार? तोही इथंच कुठंतरी दगडांच्या आडोशाला असणार."

तात्यांनी माळावर दूरवर नजर फिरवली. उभ्या जन्मात तो त्यांना ओसाडच वाटला होता. मग ड्रायव्हरकडे वळून ते ओरडले, "मशीन बंद कर रं, अविराज! आदी हितं कोण कोण ऱ्हातंय, ते बघू."