नावाची पाटी

"स्टेपर घेऊ की सर्व्हो?" जेवता जेवता नवऱ्याने पुन्हा विचारलं.

"आधी भाजी घे," मी म्हटलं.

नव्या घराच्या दारावर नावाची पाटी हवी, एवढंच मी बोलले होते. विकतची पाटी म्हणजे इंजिनिअर माणसाचा अपमान! म्हणून मकरंद लाकूड कोरणारं सीएनसी मशीनच घरी बनवायला बसला. गॅलरीत त्याची लोखंडी चौकट उभी राहिली, तिच्यावर माझे टॉवेल वाळू लागले, पण ते मशीन हलवणारी मोटर काही ठरेना. स्टेपर म्हणे जोर पडला की पावलं चुकते, आणि सर्व्हो महाग. त्यावर त्याच्या इंजिनिअर मित्रांच्या ग्रुपवर अशी भांडणं, जणू कोयनेचं धरण हेच बांधतायत.

शेवटी मी बाजारातून पितळी पाटी आणून लावली. त्याचं नाव त्याचं मशीन कोरणारच होतं, म्हणून फक्त माझं घातलं: शर्वरी धुमाळ.

आज त्याची मोटर एकदाची ठरून कुरिअरने दारात आली. तो आत हेडफोन लावून, ती मोटर चालवणारा कंट्रोलर कुठला घ्यावा यावर ग्रुपशी वाद घालत होता.

"मकरंद टिपणीस इथेच राहतात का? फोन उचलत नाहीत," कुरिअरवाल्याने विचारलं.

मी पाटीकडे बोट दाखवलं. "तुम्हीच वाचा की."

"चुकलंच माझं," म्हणत तो खोक्यासकट जिना उतरला.

"कोण होतं गं?" हेडफोन काढून मकरंदने आतून विचारलं.

"पाटी नसलेल्या एका माणसाला शोधत होता. परत गेला बिचारा."

"बघ! लोकांना पाटीचं महत्त्वच कळत नाही," मकरंद म्हणाला आणि पुन्हा कंट्रोलरकडे वळला.