बेदाण्यांत घेतलेली चाचणी

नानांनी जुन्या जीपच्या टपाला आतून गोधड्या शिवल्या आणि चाकांना गोठ्यातल्या साखळ्या गुंडाळल्या. विकतचं काही परवडण्यासारखं नव्हतं. भांडून गेलेला मुलगा चार वर्षं स्पीतीच्या बर्फात हॉटेल चालवत होता; यंदा हिवाळ्यात त्याच्या दारात जायचं होतं.

तासगावात बर्फ कुठला? म्हणून चाचणीसाठी नवराबायको जीपसकट बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तासभर बसून आले.

“तुमचे ओठ निळे पडलेत,” मालनकाकू म्हणाल्या.

“पण गाडी एका दमात सुरू झाली.”

त्याच आनंदात नानांनी मुलाला फोन लावला.

“येऊ नका,” तो म्हणाला.

“मग उन्हाळ्यात येतो.”

“उन्हाळ्यातही नको.” फोन बंद झाला.

“काय म्हणाला?”

“तिकडे थंडी फार आहे म्हणाला.”

“मग स्वेटर विणायला घेते. छातीचं माप विचारलंत?”

नानांनी दोन्ही हात हवेत धरून माप दाखवलं.

“बारीक झालाय,” काकू म्हणाल्या.