छताखाली छत

धप्. धप्. धप्.

थोरल्याने उचललेला घास ताटात टाकला आणि दाराआडचा झाडू ओढून काढला. उलट्या दांड्याने त्याने छताला असे काही टोले हाणले की पोपडे त्याच्याच ताटात पडले. वरचा आवाज तेवढ्यात थांबला.

"पाहिलंस?" तो बायकोवर खेकसला. "दणका दिल्याशिवाय थांबायचं नाही. आपण जेवायला बसलो रे बसलो की यांची आदळआपट सुरू. मुद्दाम करतात. डोक्यावर मिरे वाटायला बसलेत दोघं नवरा-बायको!"

बायकोने ताटातले पोपडे निवडायला घेतले.

वर धाकटा भाऊ राहत होता. वाटण्या झाल्या तेव्हा खालचा मजला थोरल्याला आला, वरचा धाकट्याला. इथवर सगळं गोडीगुलाबीने झालं. मग आई कुणाकडे, असा प्रश्न निघाला आणि आई म्हणाली, "मी आपली वरच बरी." थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जिन्याला आता आपला पाय लागणार नाही, असं त्याने चार लोकांत सांगून टाकलं, आणि गडी हट्टाचा इतका पक्का की खरंच लागू दिला नाही. बायकोलाही वर जायची बंदी. आईचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तिचंही खाली येणं झालं नाही. तेव्हापासून दोन मजल्यांत काय ते बोलणं व्हायचं ते एवढंच. वरून धप्, खालून ठक.

शेवटी त्याने आवाज बंद करणाऱ्या कारागिराला बोलावलं. कारागिराने मान वर करून खोलीभर फेरी मारली, भिंतीला कान लावला, आणि नेमकी नको ती गोष्ट सांगितली.

"हा हवेतून येणारा आवाज नाही साहेब, स्लॅबमधून उतरणारा आहे. खालून छत बंद करायला खूप खटाटोप. वर नुसती जाड सतरंजी टाकली तरी अर्धं काम होईल. वरच्यांशी एकदा बोलून का बघत नाही?"

"बोलायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

कारागीर कामाला लागला. स्लॅबला रबर लावलेले लोखंडी हूक टांगले, त्यांवर सांगाडा चढवला, पोकळीत पिवळ्या लोकरीच्या जाड गाद्या कोंबल्या आणि खालून बोर्ड ठोकून सांधे बुजवले. खोली बुटकी झाली. थोरल्याची मान मात्र उंच झाली.

त्या दिवशी तो मांडी ठोकून जेवायला बसला. वर शांत. भात कालवला, वर शांत. त्याने छताकडे बघून हात नाचवला.

"आपटा म्हणावं आता! फरशी फुटेस्तोवर आपटा!"

झाडू दाराआडच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तो ताटावरून उठणार, इतक्यात दार धडधडलं. उघडलं तर धाकटा. डोळे लाल, अंगावर घरातला बनियन.

"समाधान झालं तुझं?" तो दारातूनच ओरडला. "आईने कालपासून अन्नाला हात लावला नाही!"

"मग मला काय सांगतोस? तुझ्याकडे आहे ती. आधी तुमची ती आदळआपट..."

"आदळआपट? अरे, आई काठी आपटते! बाबांचं दुकान इथे होतं तेव्हा जेवायला बोलवायची तशी. तेव्हा आपण झाडूच्या दांड्याने खालून ठोकायचो, विसरलास? तिला आता काही ऐकू येत नाही, दादा. आपण किती जोरात आपटतो तेही कळत नाही. पण तू ठोकलंस की तिच्या तळपायाला कळायचं. मग ती हसायची आणि थोड्या वेळाने घास घ्यायची. तू शिव्या घालत ठोकतोस हे मला काय माहीत नव्हतं? पण तिला नाही सांगितलं मी. कालपासून ती आपटतेय आणि तू ढिम्म!"

थोरल्याने झाडू उचलला आणि छताला टोला हाणला. नुसता दबका आवाज आला. त्याने दात-ओठ खात पुन्हा हाणला, पुन्हा हाणला. बोर्ड फुटला, दांडा लोकरीत रुतून बसला, स्लॅबपर्यंत काही पोहोचेना. पांढरा चुरा डोक्यावर घेत तो वेड्यासारखा छत भोसकत राहिला. राग कुणाचा येतोय हेच आता त्याला समजत नव्हतं.

"अहो, छत काय फोडताय!" इतके दिवस गप्प असलेली बायको कडाडली. "जिना आहे ना!"

थोरला झाडूसकट जिना चढला.

आई ताटापुढे बसली होती, काठी मुठीत धरून. शेजारी आणखी एक ताट वाढून झाकून ठेवलं होतं. चुऱ्याने पांढऱ्या झालेल्या लेकाला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या हातातल्या झाडूवर तिची नजर थांबली आणि मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, ती सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली:

"रोज खालून ठोकून 'आलो' म्हणतोस, आणि येत नाहीस!"