मेंढीचा रंग

"मेंढीचा रंग कोणता?" शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी पुस्तकावर बोट ठेवून विचारलं.

भिवरा टुणकन उठली. अख्ख्या पुस्तकात हा एकच प्रश्न असा होता, की ज्याचं उत्तर तिला घोकावं लागलं नव्हतं.

"काळा!"

*पाठ चौथा. मेंढी पांढरी असते.*

साहेबांनी चष्म्यावरून मास्तरांकडं पाहिलं. मागं बसलेला पाटलाचा भुजंग कुजबुजला, "पांढरा म्हन की, येडे."

"काळा," भिवरा पुन्हा म्हणाली. साहेबांना ऐकू गेलं नसेल म्हणून या खेपेला जरा मोठ्यानं. धनगराच्या पोरीला हाळी द्यायला शिकवावं लागत नाही.

"एकही पांढरी नाही तुमच्यात?"

"चांदी हाय की. पर ती बी काळीच. कपाळाला तेवढा ठिपका हाय, टिकलीएवढा. म्हनून चांदी."

सगळी पोरं खो खो हसली. भिवराही हसली. तिला वाटलं, चांदीलाच हसायलेत.

*मेंढी गवत खाते.*

निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती. उर्दू पुस्तकं गेली, मराठी आली. मारुतीच्या ओसरीतली शाळा तेवढी तीच राहिली. आज साहेबांनी वहीत बरं लिहिलं, तर ती पक्की होणार होती. भिवराचंही तसंच. बाप, मल्हारी, मेंढरं सोडताना सांगून गेला होता, "सायबानं पास केलं तर जा म्होरं. न्हाईतर उद्यापासून मेंढरामागं."

मेंढरामागं जायला भिवराची ना नव्हती. पण रानात तिला कुणी काही विचारत नसे. बन्सीधर मास्तर विचारायचे. कोणत्या पाल्यानं मेंढरू फुगतं, कोकराला त्याची माय कशी सापडते. ती सांगायची आणि मास्तर खरं मानायचे. तेवढ्यासाठी तिला शाळा पाहिजे होती.

तिनं मास्तरांकडं पाहिलं. आता बोलतील.

परवाच तर ते मेंढवाड्यावर आले होते. साहेबांना बसायला घोंगडी पाहिजे म्हणून. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ती वाळत टाकली होती. तिच्यावर हात फिरवत म्हणाले, "एवढा काळाभोर रंग कुठून आणता गं?" भिवरा पोट धरून हसली. "रंग कशाचा, मास्तर? मेंढरूच काळं!" तर मास्तरांनी स्वतःचे कान पकडले होते. "आजपासून तू मास्तर, मी पोर."

त्याच घोंगडीवर साहेब मांडी घालून बसले होते.

*मेंढी आपल्याला लोकर देते.*

मास्तर उठले. त्यांनी घोंगडीकडं पाहिलं नाही. भिवराकडंही नाही.

"हात पुढं कर."

पहिली छडी तिला चुकून बसल्यासारखी वाटली. दुसरी बसली तेव्हा तिनं मास्तरांचं तोंड नीट पाहिलं. तेच होते.

"पुस्तकात काय दिलंय?"

"मास्तर, तुमीच तर परवा…"

तिसरी.

"मेंढीचा रंग कोणता?"

साहेबांच्या मांडीखालून घोंगडीचा काठ बाहेर आला होता. तो तिच्या मायनं कातलेल्या सुताचा होता. भिवरानं तिथून नजर काढून घेतली.

"पांढरा."

"शाबास!" साहेब म्हणाले. "पोरगी हुशार आहे, मास्तर. वळण तेवढं लावा." आणि त्यांनी वहीत लिहिलं.

*मेंढी हा गरीब प्राणी आहे.*

साहेबांची बैलगाडी चारठाण्याच्या वाटेला लागली. पोरं पांगली. मास्तर भिवरापुढं उकिडवे बसले आणि तिच्या तळहातावर फुंकर घालायला लागले.

"लय लागलं का गं?" तिच्या बोलीत विचारलं त्यांनी. "अगं, तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण साहेबापुढं पुस्तकातलंच बोलायचं असतं. पास झालीस ना? शाळा पक्की झाली, तुझं शिकणंही पक्कं. आता हास बघू."

भिवरा हसली नाही.

मास्तरांनी घोंगडी झटकली, घडी केली, तिच्यापुढं धरली. "बापाला सांग, साहेबांना फार आवडली."

भिवरानं हात मागं घेतले.

"आमची न्हाई ती."

"नाही कशी? तुझ्या मायनं कातली, बापानं विणली…"

"न्हाई, मास्तर." पाठ म्हणायला उभं राहतात तशी ती हाताची घडी घालून, समोर बघत ताठ उभी राहिली. "आमची मेंढरं पांढरी हायेत."