कमरेला बांधायचं यंत्र

“विका बाबा. आत्ताच्या आत्ता विका.”

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बाबा फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. लेक त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. शेअरच्या भावाचा लाल आकडा तिच्या देखत आणखी खाली घसरला. सकाळीच बातमी आली होती. कमरेला बांधायची किडनी बनवणाऱ्या कंपनीने माणसांवरच्या चाचण्या तूर्त थांबवल्या होत्या. कारण दिलं नव्हतं.

ते यंत्र इथल्या कोणीच अजून पाहिलं नव्हतं. होतं ते फक्त एक चित्र. पट्टा बांधून हसत जिना चढणारी एक बाई. ते चित्र याच बाकांवर या फोनवरून त्या फोनवर फिरलं होतं. आत ज्यांची माणसं खाटांवर होती, त्यांतल्या बहुतेकांनी त्या कंपनीचे शेअर घेतले होते. कोणी थोडे, कोणी झेपतील त्याहून जास्त. बाबांनी आईच्या पुढच्या डायलिसिससाठी ठेवलेले सगळे पैसे घातले होते.

“थांबवल्यात म्हणजे बंद नाही केल्या,” समोरच्या बाकावरून जावईबापू म्हणाला. सासऱ्यांना घेऊन येणारा तरुण. सगळे त्याला याच नावाने हाक मारत. “काका, घाबरून विकणारा नेहमी बुडतो.”

“आणि न घाबरणारा?” लेकीने विचारलं.

“तोही बुडतो, ताई. पण ऐटीत.”

कोणी हसलं नाही. तो स्वतःही नाही. त्याचा एक पाय मघापासून हलत होता.

“बाबा, त्या कंपनीने आजवर एकही पट्टा विकलेला नाही. एक पैसा कमावलेला नाही.”

“म्हणून तर स्वस्त होता. पट्टा बाजारात आल्यावर तो भाव आपल्या हाताला लागला नसता.”

“आणि आलाच नाही तर?”

बाबांनी आकडा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, “परवापर्यंत थांबू. काहीतरी खुलासा करतीलच की.”

“परवा घेणारा कोणी उरला नाही तर?” लेकीने विचारलं. “अहो, साधी छत्री घ्यायची तर तुम्ही चार दुकानं पालथी घालता.”

“छत्रीचं वेगळं.” त्यांनी आवाज उतरवला. जावईबापूला ऐकू जाऊ नये इतका. “विकले तर तुझ्या आईला काय सांगू? ते यंत्र येणार नाही म्हणून?”

तेवढ्यात दार उघडून सिस्टर डोकावल्या. “तुमच्यापैकी कोणीतरी येऊन बसा. पेशंटचं प्रेशर जरा खाली गेलंय. घाबरू नका.”

बाबा उठले आणि तसेच खाली बसले. लेक आत गेली.

आईच्या खाटेचा पायाकडचा भाग वर केला होता. एका हाताला नळ्या, दुसरा हात पांघरुणाखाली. लेकीने तो हातात घेतला. गार होता.

“केवढा पडला?” डोळे न उघडता आईने विचारलं.

“काय पडला?”

“सोंग नको करूस. पलीकडचे आजोबा सांगत होते, त्यांचा जावई आज गाडीत चकार शब्द बोलला नाही म्हणून. एरवी कान किटतात त्यांचे.”

“खूप पडलाय, आई.”

यंत्राचा पंप फिरत होता आणि त्यातून आईचं रक्त फिरत होतं.

“हे सकाळी उठल्याबरोबर आधी फोन बघतात. मग माझ्याकडे बघतात. चेहरा तोच ठेवून. भाव वर असला की मलासुद्धा दुपारपर्यंत बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?” तिने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. “मला भीती वाटते गं.”

“येईल वर प्रेशर. सिस्टर आहेत ना इथे.”

“प्रेशरची नाही. तो भाव शून्यावर आला, तर हे माझ्याकडे कसे बघतील, त्याची. जा. विका म्हणावं.”

लेक बाहेर आली. “आई म्हणते, विका.”

बाबांनी मान वर केली. “तिला कोणी सांगितलं?”

“तिला सगळं माहीत आहे.”

जावईबापूचा पाय थांबला. बाबांकडून पहिल्यांदा विकायचं बटण दाबलंच गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं. घातले होते त्याच्या अर्धेही हाती आले नाहीत. जावईबापूने आपला फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला.

बाबा आत गेले. मागोमाग लेक गेली आणि दारातच थांबली. खाटेपाशी उभं राहून कुठे बघावं ते बाबांना कळेना. त्यांनी पंपाकडे बघितलं, पांघरुणाकडे बघितलं.

“विकले,” ते भिंतीला म्हणाले.

“बरं केलंत.”

“आता पुढचं कसं काय, मला काही…”

“अहो,” आई म्हणाली, “इकडे बघा.”