बांगडीचा तुकडा

“काका, सिमेंट भरलं की भेग मरते, की नुसती लपते?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून रत्नप्रभाने चाळमालकाला तोंडावर विचारलंच. घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीचा ओटा भिंतीपासून सुटत होता. मालक भेग बुजवत होता. “जास्त शहाणी झालीस गं!” तो खेकसला. तिने पाण्याच्या पिंपामागे, ओल्या सिमेंटमध्ये, आपल्या बांगडीचा तुकडा भेगेवर आडवा रोवला. भिंत हलली, तर काच तुटणार, हे शास्त्राच्या बाईंनी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर काच तडकलेली! “गप रव गो! मालकान कालच परत बुजवल्यान मां?” वडिलांनी तिला शाळेत पिटाळलं. संध्याकाळी परतली, तर तुकड्यांमध्ये बोट शिरत होतं. तिने आईच्या हातातलं ताट काढून वळकटी दिली. “आई, बाबा, आजची रात्र शाळेत काढायची. बाईंना विचारून आलेय. आता अख्खी चाळ बाहेर काढते.”